एका वर्षासाठी तुमचा कार्यकर्ता पाठवा : महाराष्ट्रातल्या सामाजिक संस्थांच्या विश्वस्तांना खुले पत्र

माननीय विश्वस्तहो,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास मला एका मुलीचा फोन आला. ती आमच्याच जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, बौद्धिक दिव्यांगांच्या एका निवासी संस्थेत काम करते. स्कॉटलंडमधल्या एका धर्मादाय संस्थेनं तिला वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून घ्यायचं ठरवलं आहे. व्हिडिओवर दोन मुलाखती झाल्या, काम समजावून झालं, राहायची खोलीसुद्धा ठरली. राहिलं आहे ते तिच्या सध्याच्या संस्थेचं संदर्भपत्र. तिकडून आलेला दोन पानी फॉर्म अध्यक्षांच्या ईमेलवर तेरा दिवस पडून आहे. तिनं दोनदा आठवण केली. "विश्वस्तांच्या बैठकीत ठेवू," असं उत्तर मिळालं, आणि बैठक आहे हिशेबाचं वर्ष संपल्यावर, एप्रिलात. तिकडचे लोक या महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत.

"ताई, राजीनामा देऊन टाकू का?" असं तिनं मला विचारलं.

२०२४ मध्ये मी राजीनामाच दिला होता. त्यामुळे तिला 'दे' म्हणवेना, आणि 'देऊ नकोस' म्हणायलाही जीभ रेटेना. सकाळी फोन करते असं सांगितलं आणि हे पत्र लिहायला बसले.

मी सोलापूरची. विशेष शिक्षणाची पदविका घेऊन आठ वर्षं एका निवासी संस्थेत होते. सप्टेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५ हे वर्ष मी स्कॉटलंडच्या ईशान्य भागात, बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या एका सहनिवासात विनावेतन काम केलं आणि परत आले. आता दुसऱ्या एका संस्थेत आहे. परत आल्यापासून मला असे फोन येत असतात. फोन करणारे सगळे तुमच्या संस्थांमधले, आठ-दहा-बारा हजारांच्या मानधनावर काम करणारे ताई-दादा. त्यांना जे सांगते ते तुम्हालाही सांगायला हवं, कारण त्यांची वाट जिथं अडते तिथल्या किल्ल्या तुमच्याकडे आहेत.

ज्या परवान्यावर मी गेले तो फार थोड्या विश्वस्तांना माहीत आहे, असा माझा अनुभव आहे. त्याचं नाव 'टेम्पररी वर्क – चॅरिटी वर्कर' व्हिसा. पूर्वी तो ब्रिटनच्या 'टियर फाइव्ह' या तात्पुरत्या कामाच्या व्हिसा-वर्गात मोडायचा, ऑक्टोबर २०२१ पासून हे नाव आलं. मुक्काम जास्तीत जास्त बारा महिने. पगार नाही, आपण ज्याला मानधन म्हणतो तेही नाही. राहणं, जेवण आणि कामापायी झालेला रास्त खर्च, एवढंच घेता येतं. बोलावणारी संस्था तिथली धर्मादाय संस्था हवी आणि ब्रिटिश गृहखात्याकडे प्रायोजक म्हणून तिची नोंद हवी. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागत नाही. पदवीची अट नाही. वय अठरा पूर्ण असलं की झालं. म्हणजे बारावी करून तुमच्याकडे रुजू झालेली, चार वर्षांत कामात मुरलेली तुमची काळजीवाहक मुलगीसुद्धा यात बसते. हे मी मुद्दाम सांगते, कारण परदेश म्हटलं की आपल्याकडे आधी इंग्रजी माध्यमातल्या मुलांची नावं पुढे येतात.

काम कोणतं करायचं तेही नियमात लिहिलेलं आहे. कचेरीतली कारकुनी, देणग्या गोळा करणं, संस्थेच्या दुकानात विक्री, इमारतीची देखभाल, यातलं काही चालत नाही. संस्था ज्या माणसांसाठी उभी आहे त्यांच्यातलंच काम हवं. कायम पगारी माणसाची जागा फुकटच्या स्वयंसेवकावर भागवायलाही परवानगी नाही. सगळ्याच संस्था हे मनापासून पाळतात असं मी म्हणणार नाही. म्हणून विचारणाऱ्याला मी सांगते की आठवड्याचे तास किती, सुट्टी कोणत्या वारी, खोली स्वतंत्र की सामायिक, रात्रपाळीला सोबत कोण, हे सगळं आधी लेखी मागून घे. जी संस्था हे लिहून द्यायला कां-कूं करते, तिथं जाऊ नकोस.

यात एक शब्द फार घोळ घालतो, 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप'. सर्टिफिकेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिक्क्याचा जाड कागद येतो. तसा कागद नसतोच. तिकडची संस्था गृहखात्याच्या संगणकावर तुमची नोंद करते आणि तुम्हाला एक क्रमांक कळवते. तो क्रमांक म्हणजेच सर्टिफिकेट. तो काढायचं शुल्क संस्थेला माझ्या वेळी २५ पौंड होतं, एप्रिल २०२५ मध्ये ते ५५ झालं. जानेवारीत मला एका दादाचा फोन आला. त्याला एका एजंटानं सोनेरी किनारीचं, राजमुद्रेचं सर्टिफिकेट व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं आणि साडेतीन लाख मागितले होते. नोंदणी असलेल्या प्रायोजकांची पूर्ण यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर सगळ्यांना फुकट बघता येते. संस्थेचं नाव, गाव, कोणत्या प्रकारच्या व्हिसासाठी नोंद आहे, सगळं त्यात असतं. आम्ही दोघांनी फोनवर बोलता बोलता ती उघडली. त्या सर्टिफिकेटवरचं नाव यादीत नव्हतं. पगारी केअर वर्करची परदेशातून भरती ब्रिटननं २२ जुलै २०२५ पासून बंद केली, आणि तेव्हापासून मला येणाऱ्या फोनांमध्ये अशी सर्टिफिकेटं वाढली आहेत. नोकरीच्या आशेनं या व्हिसाकडे बघणाऱ्याला मी सरळ सांगते की हा तुझ्यासाठी नाही, यात एक पैसा कमाई नाही.

दुसरी चूक पर्यटक व्हिसाची. "आधी फिरायला म्हणून जा, मग तिथं काम कर," असा सल्ला देणारे शहाणे गावोगाव आहेत. पर्यटक म्हणून गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत सगळं मिळून तीस दिवस स्वयंसेवा करता येते, त्यापुढे नाही. अर्जात खोटं लिहिल्याचं उघड झालं तर दहा वर्षं पुढचे अर्ज नाकारले जाऊ शकतात. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीनं कुणाच्या तरी सांगण्यावरून हे करून बसू नये, एवढ्यासाठी तरी संस्थेत कुणा एकाला हे नियम माहीत असायला हवेत.

आता पैशांविषयी, कारण खरा प्रश्न तिथं आहे.

माझ्या वेळी व्हिसाची फी २९८ पौंड होती. त्यावर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार, एका वर्षाचा १,०३५ पौंड. शिवाय स्वतःच्या खात्यात १,२७० पौंडांइतकी रक्कम सलग २८ दिवस दिसावी लागते. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर क्षयरोगाची तपासणी, तीही त्यांनी नेमून दिलेल्या दवाखान्यातच. फी आणि अधिभार मिळून त्या वेळच्या दरानं माझे एक लाख चाळीस हजार रुपये होत होते, आणि माझं मानधन होतं महिना साडेअकरा हजार. वर्षभर फुकट काम करायचा परवाना मिळवायला मला वर्षभराचं मानधन मोजायचं होतं. विमानाचं तिकीट त्याच्यावर.

आई अंगणवाडी सेविका आहे. तिनं पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या. भावानं भिशी लवकर उचलली. एप्रिल २०२४ च्या शेवटी माझ्या खात्यात १,३३,६०० रुपये जमले, म्हणजे लागणाऱ्या रकमेच्या वर फक्त दोन-अडीचशे. रोज पासबुक बघत होते. मे महिना संपता संपता जीवनज्योती विम्याचे ४३६ आणि अपघात विम्याचे २० रुपये नेहमीप्रमाणे आपोआप कापले गेले. दरवर्षी कापले जातात, मला माहीत होतं, पण त्या गडबडीत लक्षात राहिलं नाही. शिल्लक हव्या त्या रकमेपेक्षा दोनशे-एक रुपयांनी खाली गेली. २८ दिवसांतला एक दिवस जरी रक्कम खाली आली तरी अट मोडते, हे मला अर्ज नामंजूर होऊन आल्यावर कळलं. अधिभार परत मिळाला. फी मिळाली नाही. जवळजवळ तीन महिन्यांचं मानधन गेलं, आणि नामंजूर अर्जाबरोबर तो प्रायोजकत्वाचा क्रमांकही वाया गेला. तिकडच्या संस्थेनं काही न बोलता नवा काढून दिला, म्हणून मी जाऊ शकले.

त्या संस्थेच्या बाईंनी तेव्हा मला सहज विचारलं, "पैशांची हमी आम्ही भरावी असं तू आधी सांगितलं का नाहीस?" प्रायोजक संस्थेला त्या क्रमांकाच्या नोंदीतच लिहिता येतं की पहिल्या महिन्याचा १,२७० पौंडांपर्यंतचा खर्च आम्ही बघू. मग खात्यात पैसे दाखवायची गरजच उरत नाही. एका प्रश्नानं आईच्या पाटल्या घरात राहिल्या असत्या. मला तो प्रश्न माहीत नव्हता, आणि माझ्या संस्थेत मला तो सांगणारं कुणी नव्हतं. आज मला फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी सगळ्यांत आधी हे सांगते.

एप्रिल २०२५ मध्ये फी ३१९ पौंड झाली. अधिभार तोच राहिला. हेल्थ अँड केअर व्हिसावर पगार घेऊन जाणाऱ्या परिचारिकेला हा अधिभार माफ आहे, आणि तशाच माणसांची बिनपगारी सेवा करायला जाणाऱ्या स्वयंसेवकाला तो भरावा लागतो. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पण तो कायदा लंडनमध्ये होतो. मी हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, कारण तुमच्या हातात जे आहे ते सोलापुरात, साताऱ्यात, गडचिरोलीत बसून करता येतं.

मी रजा मागायला गेले तेव्हा आमच्या विश्वस्तांपैकी एकांनी विचारलं, "फिरायला जायचंय ना? मग तसं सांग की." दुसरे म्हणाले, "आपल्याकडे काम संपलं का?" मी आठ वर्षं त्या इमारतीत झोपले होते. फिट आलेल्या मुलाला मांडीवर घेऊन पहाटे तीनला सिव्हिल हॉस्पिटल गाठलं होतं. मला तिथं बोलता आलं नाही. आता बोलते.

मी जिथं होते त्या धाटणीच्या सहनिवासांची सुरुवात स्कॉटलंडमध्ये १९४० साली झाली. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ कार्ल कोनिग हिटलरच्या राजवटीतून निसटून सोबत्यांसह ॲबर्डीनजवळ आले होते. त्यांनी कॅम्पहिल नावाच्या वास्तूत दिव्यांग मुलांबरोबर राहायला आणि काम करायला सुरुवात केली. बाहेरून आलेल्या, परक्या देशात परवान्यावर राहणाऱ्या माणसांनी उभं केलेलं हे काम आहे. माझी संस्था त्यांच्यातली नव्हती, पण रीत तीच होती. एका घरात पाच रहिवासी आणि तीन स्वयंसेवक. सकाळी एकत्र न्याहारी, मग कुणी विणकामाला, कुणी बागेत, कुणी पाव भाजायला.

पहिल्याच आठवड्यात मी चव्वेचाळीस वर्षांच्या एका गृहस्थांचे त्या दिवशी घालायचे कपडे कपाटातून काढून पलंगावर ठेवले. आठ वर्षं रोज सकाळी वीस-वीस जणांचे काढत आले होते, हात सवयीनं चालला. त्यांनी ते शांतपणे घडी घालून कपाटात परत ठेवले. बोलता येत नव्हतं त्यांना. घर बघणाऱ्या ताई मला म्हणाल्या, "त्यांना विचार." विचारायचं म्हणजे दोन सदरे समोर धरायचे आणि थांबायचं. त्या दिवशी वीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशीही वीस मिनिटंच लागली. दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मंगळवारी त्यांना निळा लागतो, कारण मंगळवारी ते पोहायला जातात.

प्रत्येक रहिवाशाची एक चित्रांची वही होती. मला काय आवडतं, काय दुखतं, मी 'हो' कसं सांगतो, 'नाही' कसं सांगतो. एक आजी 'नाही' म्हणायचं असेल तेव्हा कप पालथा घालायच्या. ते वहीत लिहिलेलं होतं, त्यामुळे नवीन आलेली मीसुद्धा पहिल्या दिवशी त्यांचं 'नाही' ऐकू शकले. आपल्या संस्थांमध्ये किती जण रोज कप पालथा घालत असतील आणि आपण तो सुलटा करून चहा ओतत असू, हा विचार मला तिथं बरेच दिवस झोपू देत नव्हता.

स्कॉटलंडचा याविषयीचा कायदा २००० सालचा आहे. दुसऱ्याच्या वतीनं काही ठरवायचं झालं तर त्याची स्वतःची इच्छा आधी जाणून घ्या आणि त्याच्या स्वातंत्र्याला कमीत कमी मुरड पडेल असा मार्ग घ्या, हे त्याचं सूत्र. आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या तेराव्या कलमातही दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता मान्य केलेली आहे. ते कलम मी पदविकेच्या परीक्षेत लिहून आले होते. सकाळी सात वाजता कपाटासमोर उभं राहून ते कसं पाळायचं, हे मला त्या वर्षानं शिकवलं.

सगळं तिथलं चांगलं, असं मी मुळीच म्हणत नाही. डिसेंबरात साडेतीनला अंधार पडायचा आणि घरात माणसं कमी. एका रहिवाशाचा भाऊ वर्षातून एकदा, नाताळला यायचा. आपल्याकडे आया पंधरा दिवसांनी डबा घेऊन दारात उभ्या असतात, ते वैभव तिथं नाही. मी शनिवारी ज्वारीच्या भाकरी थापायला लागले तेव्हा सगळं घर ओट्याभोवती गोळा व्हायचं. पीठ मळायला, थापायला, शेकायला प्रत्येकाच्या वाट्याला काम येतं. ते आता त्यांच्या आठवड्याच्या तक्त्यावर आहे असं परवाच कळलं.

परत आल्यावर मी ज्या संस्थेत आहे तिथं आम्ही प्रौढांना 'मुलं' म्हणणं थांबवलं. ऐकायला ही गोष्ट लहान वाटेल. पन्नाशीच्या माणसाला 'मुलगा' म्हणायची जिभेला इतकी सवय आहे की पहिले दोन महिने आम्ही एकमेकांना अडवत होतो. मग स्थानिक सुताराकडून प्रत्येकाला एक-एक खण असलेलं कपाट करून घेतलं, खणावर ज्याचा त्याचा फोटो. आता चित्रांच्या वह्या चालू आहेत, एकोणीस झाल्या. यासाठी परदेशी देणगी लागली नाही. त्या वर्षातून मी एवढं तरी घेऊन आले. ज्या संस्थेनं मला घडवलं, तिला ते मिळालं नाही, याचं मला वाईट वाटतं.

तुमच्यापैकी अनेकांकडे जर्मनीहून अठरा-एकोणीस वर्षांची मुलं-मुली वर्षभरासाठी येतात. त्यांच्यासाठी तुम्हीच पत्रं लिहिता. आपलं सरकार त्यांना एम्प्लॉयमेंट व्हिसा देतं आणि त्यावर तुमच्या संस्थेचं नाव घालतं. म्हणजे ही कागदपत्रं तुम्हाला नवी नाहीत. त्या मुलांचा खर्च कोण करतं हेही तुम्हाला माहीत आहे. जर्मन सरकारची 'वेल्टवेर्ट्स' ही योजना २००८ पासून चालू आहे. मोठा वाटा सरकार उचलतं, उरलेल्यासाठी पाठवणारी संस्था त्या मुलाला देणगीदार मिळवायला मदत करते. विमा, प्रशिक्षण, परतल्यानंतरची शिबिरं, सगळं बघितलं जातं. त्या मुलाला कुणी "फिरायला चाललास का?" विचारत नाही. त्याच योजनेत २०१३ पासून उलटी वाटही खुली झाली, इकडच्या तरुणांनी वर्षभर जर्मनीत जाऊन काम करायची. निवड इकडच्या भागीदार संस्थेनं करायची असते. तुमच्याकडे जर्मन स्वयंसेवक येत असतील तर त्यांना पाठवणाऱ्या संस्थेला एक ईमेल टाका आणि विचारा की आमची मुलगी तुमच्याकडे येऊ शकेल का. या वाटेनं गेलं तर आईच्या पाटल्यांपर्यंत गोष्ट जातच नाही.

सोलापुरात वाढलेल्या कुणालाही डॉ. द्वारकानाथ कोटणीस वेगळे सांगावे लागत नाहीत. सप्टेंबर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, त्यांत ते होते. शाळेत आम्हाला त्यांच्या त्यागाबद्दल सांगायचे, आणि ते खरंच आहे, ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी ते तिकडेच वारले. पण शाळेत एक गोष्ट राहून जायची. त्या पथकासाठी देशभर निधी गोळा झाला होता, २२,००० रुपयांचा. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते, त्यांनी आवाहन केलं आणि लोकांनी पैसे दिले. माझ्या एका वर्षाची त्या कामाशी तुलना करायचं माझ्या मनातही नाही. मला त्यात दिसतं ते पाठवणाऱ्यांचं काम. जाणाऱ्यानं आपलं आयुष्य द्यायचं आणि तिकीटही स्वतःच्या आईचं सोनं ठेवून काढायचं, अशी रीत तेव्हा नव्हती.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. वर्षातून एक कार्यकर्ता, तीन वर्षांहून जास्त काम केलेला, तुम्ही स्वतः निवडा आणि पाठवा. त्याला बिनपगारी का होईना, पण रजा द्या, जागा राखून ठेवा, सेवा खंडित धरू नका. संदर्भपत्र मागितलं की आठवड्यात द्या. ते संस्थेच्याच ईमेलवरून जावं लागतं, कारण दिव्यांग माणसांच्या घरात कुणाला आणतोय याची खात्री तिकडच्या संस्थेला करून घ्यायची असते, आणि ती त्यांनी केलीच पाहिजे. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, क्षयरोग तपासणी, बोटांचे ठसे यासाठी चार दिवस पुण्या-मुंबईला जावं लागतं. ते रजेत धरू नका.

आणि पैसे. व्हिसा आणि अधिभार आजच्या दरानं दीड लाखाच्या वर जातात, तिकीट वेगळं. मी संस्थेच्या खात्यातून द्या असं म्हणत नाही. धर्मादाय पैसा देशाबाहेरच्या कामासाठी खर्च झाला की आयकराच्या सवलतीचा प्रश्न उभा राहतो, आणि परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, म्हणजे एफसीआरएच्या खात्याला तर हातच लावायचा नाही. मी म्हणते ते तुमच्या वैयक्तिक पैशांबद्दल. नऊ-दहा विश्वस्तांनी प्रत्येकी वीस हजार काढले तर एका माणसाचं सगळं भागतं. परतल्यावर त्यानं महिन्याला जमेल तसं फेडावं, आणि तेच पैसे पुढच्याला जावेत. तुमच्यातले बरेच जण डॉक्टर, वकील, व्यापारी आहेत. मुलांना परदेशी विद्यापीठात पाठवताना तुम्ही यापेक्षा कितीतरी मोठा आकडा एका सत्रासाठी भरला आहे. मला तुमच्या मुलांचा हेवा नाही. तुमच्या संस्थेतल्या मुलीसाठी त्याचा छोटासा भाग मागते आहे.

ती परत येईल का, ही भीती मला कळते. काही जण येणार नाहीत, हे मी नाकारत नाही. पण मला फोन करणाऱ्या मुलींशी मी बोलते. त्या तिकडच्या पगाराबद्दल फार कमी विचारतात. "आल्यावर मला परत घेतील का?" हे मात्र जवळजवळ प्रत्येक जण विचारते. राजीनामा घेऊन जिला पाठवली, तिला परत यायला कुठलं दार राहतं? मी परत आले तेव्हा माझ्या जुन्या संस्थेत माझी जागा भरलेली होती. त्यात त्यांची चूक नाही, मी राजीनामा दिला होता. पण आठ वर्षं ज्यांना भरवलं त्यांना भेटायला मी आता रविवारी, भेटीच्या वेळेत जाते.

माझ्या अर्जांची दोन्ही फाइल जपून ठेवली आहे, नामंजूर झालेली आणि मंजूर झालेली. कोणत्याही संस्थेनं बोलावलं तर सुट्टीच्या दिवशी येऊन सगळे कागद उलगडून दाखवीन, कार्यकर्त्यांना आणि विश्वस्तांनाही. प्रवासखर्च नको.

आणि त्या मुलीच्या अध्यक्षांना, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर : सकाळी मी तिला राजीनामा देऊ नकोस असं सांगितलं आहे, तुमच्या भरवशावर. फॉर्म दोन पानांचा आहे. तिला किती वर्षं ओळखता, तिच्या हाती माणसं सुरक्षित आहेत का, तिला पुन्हा कामावर घ्याल का, असे मोजके प्रश्न आहेत. उत्तरं तुम्हाला माहीत आहेत. महिना संपायला अकरा दिवस उरले आहेत.

आपली,
सोलापूरची एक विशेष शिक्षिका